कमी बजेटमध्ये स्पर्धात्मक गेमिंगचा मॉनिटर: हर्ट्झ कुठे थांबवायचे आणि पैसे कुठे घालायचे

रोज व्हॅलोरंट किंवा सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) हे नेमबाजीचे गेम खेळता आणि समोर अजून ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा मॉनिटर असेल, तर तुमच्या सेटअपमध्ये सगळ्यात आधी बदलायची वस्तू तीच आहे. महागडा माऊस, मेकॅनिकल कीबोर्ड, आरजीबी पंखे सगळं नंतर. पण मॉनिटर शोधायला बसलं की १००, १४४, १६५, १८०, २४० असे आकडे अंगावर येतात आणि बहुतेक जण बजेटमध्ये बसणारा सगळ्यात मोठा आकडा उचलतात. माझं मत वेगळं आहे. दहा ते पंधरा हजारांच्या बजेटमध्ये हर्ट्झ हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे: १४४ किंवा त्याच्या पुढचा कुठलाही आकडा चालेल. खरे दोन प्रश्न खोक्यावर लिहिलेले नसतात. तुमचा पीसी सेकंदाला तेवढे फ्रेम, म्हणजे चित्रं, सतत देतो का? आणि मॉनिटरचं पॅनेल (आतला चित्र दाखवणारा पडदा) तो वेग झेपवतं का? हा लेख मुख्यतः या दोन प्रश्नांवर आहे.

हर्ट्झ वाढल्याने नेमकं काय मिळतं

सीएस२ चा डस्ट२ हा नकाशा घ्या. टी (हल्ला करणारा संघ) जिथून सुरुवात करतो त्या टी स्पॉनवरून ऑप ही स्नायपर रायफल धरून मिडच्या, म्हणजे मधल्या वाटेच्या, दाराच्या फटीवर नेम लावला आहे. सीटी, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाचा खेळाडू, बी साइटकडे (बॉम्ब लावायच्या एका जागेकडे) जाताना त्या फटीतून आडवा जातो. समजा तो तुम्हाला सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २०० मिलिसेकंद दिसला. ६० हर्ट्झच्या पडद्यावर तेवढ्या वेळात १२ चित्रं दिसतात, १४४ वर २८-२९. माणूस तोच आणि वेळही तेवढाच, पण त्याच्या हालचालीची माहिती दुपटीहून जास्त वेळा डोळ्यापर्यंत पोचते.

दुसरा फायदा उशिराचा. मॉनिटर चित्र एका झटक्यात दाखवत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत ओळीओळीने काढत जातो. ६० हर्ट्झला हा प्रवास सुमारे १६.७ मिलिसेकंदांचा. तुमचा क्रॉसहेअर (नेमाची खूण) पडद्याच्या मधोमध असतो, म्हणजे तिथपर्यंत पोचायलाच सुमारे ८ मिलिसेकंद जातात. १४४ हर्ट्झला हेच काम साडेतीन मिलिसेकंदांत होतं. म्हणूनच पीसी १४४ फ्रेम देत नसला तरी वेगवान मॉनिटरचा थोडा फायदा मिळतोच.

तिसरा फायदा स्पष्टपणाचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. एलसीडी मॉनिटर एक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतो. आपला डोळा मात्र हलणाऱ्या वस्तूच्या मागे सरकत असतो, त्यामुळे ते स्थिर चित्र डोळ्यात पसरतं. एखादी वस्तू सेकंदाला १००० पिक्सेल वेगाने सरकत असेल, तर ६० हर्ट्झवर ती सुमारे १७ पिक्सेल पसरलेली दिसते, १४४ वर ७ आणि २४० वर ४. लांबून पळणाऱ्या शत्रूचं डोकंच पडद्यावर जेमतेम तेवढ्या पिक्सेलचं असतं. ६० हर्ट्झवर डोकं आणि खांदा एकमेकांत मिसळतात, १४४ वर ते वेगळे होतात.

आता पैशांच्या हिशेबाने बघा. एक चित्र किती वेळ राहतं? ६० वर १६.७ मिलिसेकंद, १०० वर १०, १४४ वर ६.९, १८० वर ५.६, २४० वर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात की जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून १८० वर गेलात तर दीड मिलिसेकंदही नाही. १४४ वरून २४० वर पावणेतीन. पहिली उडी डोळ्यांना पाच मिनिटांत जाणवते. १४४ आणि १८० शेजारी शेजारी ठेवले तर सरावलेल्या खेळाडूलाही ओळखणं अवघड जातं. १८० त्याच भावात मिळत असेल तर खुशाल घ्या, पण फक्त त्या ३६ हर्ट्झसाठी दोन हजार जास्त मोजू नका.

१०० हर्ट्झच्या मॉनिटरचं काय? सहा-सात हजारांपासून मिळणारे हे मॉनिटर अभ्यास आणि ऑफिसच्या कामाला चांगले असतात आणि ६० पेक्षा नक्कीच बरे. पण त्यातले बरेच ऑफिससाठीच बनवलेले असतात आणि त्यांचं पॅनेल संथ असतं. दोन-तीन हजार अजून जमवता येत असतील तर महिनाभर थांबलेलं चांगलं.

पायरी १: आधी आपला पीसी मोजा

मॉनिटर बघायच्या आधी एक संध्याकाळ यासाठी द्या. व्हॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमधल्या स्टॅट्समध्ये एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) दाखवायची सोय आहे, सीएस२ च्या गेम सेटिंगमध्ये त्यासाठी टेलिमेट्री आहे. ते चालू करा आणि खरा सामना किंवा भरलेली डेथमॅच खेळा. सरावाच्या रेंजमध्ये एकटं उभं राहून मिळणारा आकडा काही कामाचा नाही. लक्ष ठेवायचं ते सरासरीवर नाही, पडझडीवर. स्मोक (धुराचे बॉम्ब) टाकले, मॉली (आगीच्या बाटल्या) पेटल्या, साइटवर सहा जण एकदम आले, तेव्हा आकडा कुठे येतो? गोळीबार त्याच क्षणी होतो, त्यामुळे तुमचा खरा एफपीएस तोच.

हा तळाचा आकडा १२० ते १४० च्या आसपास किंवा वर असेल तर १४४ ते १८० हर्ट्झचा मॉनिटर डोळे झाकून घ्या. ९०-१०० असेल तरीही घ्या, पण फ्रीसिंक असलेला बघा, पुढे सांगतो का ते. ७० च्या खाली घसरत असेल तर आधी पीसीकडे वळा. २४० हर्ट्झचा विचार तळाचा आकडा २०० च्या वर असेल तरच.

व्हॅलोरंट हलका गेम आहे. जीटीएक्स १६५० सारखं जुनं ग्राफिक्स कार्डही कमी सेटिंगवर १४४ च्या बरंच वर जातं. सीएस२ मात्र जड आहे आणि प्रोसेसरवर फार अवलंबून आहे. अडचण कार्डाची की प्रोसेसरची, हे ओळखायची सोपी रीत: गेमचं रेझोल्युशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करा. एफपीएस उसळला तर कार्ड कमी पडतंय. जागचा हलला नाही तर प्रोसेसर किंवा रॅम अडकतेय, आणि नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन काहीही होणार नाही. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या बऱ्याच पीसीत रॅमची एकच ८ जीबीची स्टिक असते. त्याच जातीची दुसरी स्टिक लावली की रॅम दोन चॅनेलवर चालते आणि सीएस२ ची पडझड बरीच सावरते. मॉनिटरच्या आधी ते करून बघा.

सेटिंग कमी करताना सीएस२ मधल्या सावल्या पूर्ण मारू नका. कोपऱ्यामागे उभ्या असलेल्याची सावली कधी कधी त्याच्या आधी दिसते, आणि तो फायदा पाच-दहा एफपीएसपेक्षा मोठा आहे.

एक गोष्ट मॉनिटरबाहेरची, तरी इथेच सांगतो. व्हॅलोरंट आणि सीएस२ दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत. महाराष्ट्रातून खेळणाऱ्याला पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) चांगला मिळतो, पण वायफायमुळे तो मध्येच उड्या मारत असेल तर मॉनिटरने वाचवलेले १० मिलिसेकंद तिथेच वाहून जातात. राउटरपासून टेबलापर्यंत लॅनची केबल ओढा. काही शे रुपयांत काम होतं.

पायरी २: आकार आणि रेझोल्युशन

इथे फार वेळ घालवू नका. स्पर्धात्मक नेमबाजीसाठी आणि या बजेटसाठी २४ इंच, १०८० पी (१९२० बाय १०८० पिक्सेल). स्पर्धांच्या मंचावरही वर्षानुवर्षं २४-२५ इंचाचेच मॉनिटर असतात. पडद्यापासून हातभर अंतरावर बसलं की संपूर्ण पडदा, मिनीमॅप आणि कोपऱ्यातला टायमर मान न हलवता नजरेत राहतो.

त्याच भावात २७ इंच १०८० पी दिसेल आणि मोह होईल. टाळा. २४ इंचावर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल बसतात, २७ वर ८२ च्या आसपास. तेवढेच पिक्सेल ताणलेले असल्याने अक्षरं खरबरीत दिसतात आणि तुम्ही आपोआप मागे सरकून बसता. २७ इंच हवाच असेल तर १४४० पी (२५६० बाय १४४०) घ्या, पण त्यात १०८० पी च्या पावणेदोन पटीहून जास्त पिक्सेल असतात आणि कार्डावर भार त्या प्रमाणात वाढतो. त्याच पीसीवर अभ्यास, एडिटिंग, कोडिंग होणार असेल तर मात्र १४४० पी साठी पंधरा ते वीस हजार घालणं पटण्यासारखं आहे.

पायरी ३: पॅनेल, म्हणजे जिथे सगळे फसतात

वर जो वेगाचा हिशेब केला तो एक गोष्ट गृहीत धरून: पडद्यावरचा पिक्सेल नवीन रंग वेळेत धारण करतो. १४४ हर्ट्झला त्याच्याकडे ६.९ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात त्याचं काम झालं नाही तर जुन्या चित्राची सावली नव्या चित्रात उरते. यालाच घोस्टिंग म्हणतात. पॅनेल संथ असेल तर १८० हर्ट्झच्या मॉनिटरवरही हलणारा शत्रू मागे धूर सोडत जाताना दिसतो.

बाजारात तीन जाती आहेत. टीएन सगळ्यात जुनी आणि वेगवान, पण रंग फिके आणि खालून बघितलं की चित्र काळवंडतं. नवीन मॉनिटरमध्ये आता ती कमी दिसते. आयपीएस रंगाला चांगली, आणि गेल्या काही वर्षांत वेगालाही. व्हीए मध्ये काळा रंग गडद, सिनेमाला मजा येते, पण स्वस्त व्हीए पॅनेलला गडद रंगातून दुसऱ्या गडद रंगात जायला फार वेळ लागतो, कधी कधी २० मिलिसेकंदांच्याही पुढे. १४४ हर्ट्झच्या हिशेबाने तेवढ्या वेळात तीन चित्रं येऊन गेलेली असतात.

याचा अर्थ खेळात काय? पुन्हा डस्ट२ वर या. बी टनेलच्या अंधारात गडद कपड्यांतला टी चालत येतोय. स्वस्त व्हीए मॉनिटरवर त्याच्या कडा काळ्या लेपासारख्या भिंतीत माखलेल्या दिसतात. तो थांबला की स्पष्ट होतो, पण थांबेपर्यंत वेळ गेलेली असते. उजेडातल्या लाँग ए वर हाच मॉनिटर ठीक वाटतो, त्यामुळे दुकानातल्या झगमगीत डेमो व्हिडिओवर हा दोष कधीच कळत नाही. महागड्या काही व्हीए पॅनेलमध्ये ही अडचण बरीच कमी झाली आहे, पण ती आपल्या बजेटमध्ये येत नाहीत. म्हणून नियम साधा ठेवा: या भावात आयपीएस.

विक्रेते अनेकदा पॅनेलची जात लिहीत नाहीत किंवा चुकीची लिहितात. तेव्हा कॉन्ट्रास्टचा आकडा बघा. १०००:१ च्या आसपास असेल तर आयपीएस किंवा टीएन. ३०००:१ किंवा ४०००:१ असेल तर व्हीए. मग बघण्याचा कोन बघा: १७८/१७८ लिहिलं असेल तर आयपीएस किंवा व्हीए, १७०/१६० असेल तर टीएन. या दोन आकड्यांतून जात पकडता येते. आणि स्वस्तातला वक्र मॉनिटर दिसला तर तो जवळजवळ नेहमी व्हीए असतो. २४ इंचाला वक्रतेचा तसाही काही उपयोग नाही.

आता '१ एमएस', म्हणजे एक मिलिसेकंद, याबद्दल. हा आकडा जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो आणि त्यावरून काहीही ठरवता येत नाही. एमएस जीटीजी म्हणजे एका करड्या छटेतून दुसऱ्या करड्या छटेत जायला लागणारा वेळ, आणि कंपनी त्यातला सगळ्यात अनुकूल बदल, सगळ्यात आक्रमक सेटिंगवर मोजून छापते. स्वस्त आयपीएस पॅनेलची रोजच्या वापरातली सरासरी साधारण चार ते आठ मिलिसेकंदांत असते, आणि १४४-१८० हर्ट्झला ती चालून जाते. काही खोक्यांवर एमपीआरटी लिहिलेलं असतं. ते वेगळंच प्रकरण आहे. तिथे दोन चित्रांच्या मध्ये मागचा दिवा बंद करून पसरट दिसणं कमी केलेलं असतं. त्याने चित्र खरंच स्पष्ट होतं, पण पडदा मंद होतो, काहींचे डोळे दुखतात, आणि स्वस्त मॉनिटरवर ते फ्रीसिंकबरोबर सहसा चालत नाही. बेनक्यूच्या झोवी मॉनिटरची कीर्ती मुख्यतः याच तंत्राच्या चांगल्या आवृत्तीमुळे आहे, पण त्यांची किंमत या लेखाच्या बाहेरची आहे.

मग खरा वेग कळणार कसा? आर्टिंग्स, मॉनिटर्स अनबॉक्स्ड, टीएफटी सेंट्रल यांच्यासारखे लोक यंत्राने मोजून आकडे देतात. त्यात तुमचा मॉडेल मिळाला तर दुसऱ्या कुणाचं ऐकू नका. फक्त मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एका अक्षराच्या फरकाने पॅनेल, पोर्ट, स्टँड सगळं बदललेलं असू शकतं. मोजलेला रिव्ह्यू नसेल तर खरेदीदारांच्या प्रतिक्रियांमध्ये घोस्टिंगबद्दल कुणी लिहिलंय का ते शोधा, आणि पाच तारे देऊन नुसतं मस्त लिहिणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

पायरी ४: पोर्ट आणि केबल

मागच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट असलाच पाहिजे. डिस्प्लेपोर्ट १.२ वर १०८० पी ला २४० हर्ट्झ आरामात जातात. एचडीएमआय २.० वरही जातात, पण एचडीएमआय १.४ असेल तर १०८० पी ला १२० हर्ट्झच्या आसपास गाडी अडकते. बऱ्याच मॉनिटरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की १८० हर्ट्झ फक्त डिस्प्लेपोर्टवर, एचडीएमआयवर १४४. ते वाचा. खोक्यात केबल कोणती येते तेही विचारा. अनेकदा फक्त एचडीएमआय येते, मग डिस्प्लेपोर्टची केबल वेगळी घ्यावी लागते.

लॅपटॉपला जोडणार असाल तर लॅपटॉपचा एचडीएमआय कितीचा आहे हे आधी बघा, जुन्या लॅपटॉपवर १.४ असू शकतो. पीएस५ आणि एक्सबॉक्स १२० च्या पुढे जातच नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी १४४ पुरेसा आणि एचडीएमआय चांगला असणं महत्त्वाचं.

पायरी ५: कशासाठी पैसे मोजायचे, कशासाठी नाही

फ्रीसिंक असावं. आता जवळजवळ सगळ्यांत असतंच, आणि २०१९ पासून एनव्हीडियाची कार्डंही फ्रीसिंक मॉनिटरवर बदलता रिफ्रेश रेट चालवू शकतात, त्यामुळे त्यासाठी खास जी-सिंकचा (एनव्हीडियाच्या स्वतःच्या तंत्राचा) मॉनिटर घ्यायची गरज नाही. एफपीएस १०० आणि १४० च्या मध्ये झुलत असेल तर मॉनिटर स्वतःचा वेग त्याप्रमाणे बदलतो आणि चित्र मधून फाटत नाही.

एचडीआर ४०० चा शिक्का (जास्त प्रखर आणि जास्त गडद छटा दाखवण्याचा दावा) सोडून द्या. त्यासाठी पडद्याचे भाग वेगवेगळे मंद-प्रखर करण्याची अटच नाही, त्यामुळे स्वस्त मॉनिटरवर एचडीआर चालू केलं की चित्र बहुधा फिकं पडतं. आतले स्पीकर, मागचे दिवे, गेमिंगचा तिरका पाय यांनाही किंमत देऊ नका.

ज्याला किंमत द्यावी असा एक भाग म्हणजे उंची बदलणारा स्टँड. स्वस्त मॉनिटर फक्त मागेपुढे कलतात. तसा असेल तर मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं आहेत का बघा, म्हणजे पुढे आर्म लावता येईल. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली की रात्रभराच्या स्क्रिमनंतरही (दुसऱ्या संघाशी सराव सामने) मान धरत नाही.

पायरी ६: खरेदी

भाव सतत हलतात, तरी अंदाज असावा. २४ इंच, १०८० पी, १४४ ते १८० हर्ट्झ, आयपीएस हे गणित साधारण नऊ ते बारा हजारांत बसतं. २४० हर्ट्झ पंधरा हजारांच्या आसपास सुरू होतो. दसरा-दिवाळीच्या आणि २६ जानेवारीच्या सेलमध्ये बँकेच्या कार्डाची सूट धरून हजार-दीड हजार वाचतात, त्यामुळे घाई नसेल तर वाट बघा. छापील किंमत आणि 'साठ टक्के सूट' याकडे बघूच नका. आठवडाभर रोज त्या मॉडेलचा भाव लिहून ठेवला की खरा भाव कळतो.

मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला जाऊन या. ऑनलाइनचा भाव दाखवला की दुकानदार बहुधा जवळपास येतो, आणि वस्तू समोर लावून बघता येते. तिथे डेमो व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका. दुकानातल्या पीसीला मॉनिटर लावायला सांगा, ब्राउझरमध्ये टेस्टयूएफओ ही चाचणीची साइट उघडा आणि पट्टीवरून सरकणारं यूएफओ नजरेने पाठलाग करत बघा. त्याच्या मागे काळी किंवा पांढुरकी शेपटी किती लांब आहे ते लगेच दिसतं. दोन मॉनिटर शेजारी लावून दाखवणारा दुकानदार भेटला तर त्याच्याकडूनच घ्या, शे-दोनशे जास्त गेले तरी चालतील.

बिल जीएसटीचं, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहिलेला. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात. ती तीन वर्षांची असावी, आणि घरी येऊन दुरुस्तीची आहे की सेंटरवर नेऊन देण्याची, हे कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून बघा. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांसाठी माझ्या मते ब्रँड निवडताना सगळ्यात मोठा मुद्दा हाच. दोन मॉनिटर सारखे असतील तर ज्याचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात आहे तो घ्या. आणि खोका, आतल्या थर्माकोलसकट, वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. एसटीतून उघडा मॉनिटर नेणं म्हणजे पॅनेल फुटायला आमंत्रण, आणि फुटलेलं पॅनेल वॉरंटीत येत नाही.

जुना घेण्याचाही पर्याय आहे. १४४ हर्ट्झचे वापरलेले मॉनिटर पाच-सहा हजारांत मिळतात आणि बजेट तेवढंच असेल तर नव्या १०० हर्ट्झपेक्षा तो सौदा चांगला. मात्र बघायला जाताना लॅपटॉप आणि केबल सोबत न्या. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत माहितीचं पान असतं, तिथे चालू रिफ्रेश रेट १४४ दिसतो का बघा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग पूर्ण पडद्यावर लावून डाग आणि रेषा शोधा. अर्धा तास चालू ठेवा, कारण काही दोष पॅनेल तापल्यावरच उघडे पडतात. ॲडॉप्टर मूळचा आहे का विचारा.

वीज वरचेवर जाते अशा ठिकाणी यूपीएसचा विचार करताना लक्षात ठेवा: २४ इंचाचा मॉनिटर फार तर तीस-चाळीस वॉट खातो, भार गेमिंग पीसीचा असतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच झेपतो. त्यावर मॅच पूर्ण होणार नाही, पीसी नीट बंद करण्यापुरता वेळ मिळेल.

पायरी ७: घरी आल्यावर

पार्सल असेल तर खोका फोडण्यापासून पहिलं चित्र दिसेपर्यंत सलग व्हिडिओ काढा. केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावा. मदरबोर्डच्या पोर्टला लावली तर कार्ड असून नसल्यासारखं.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम. विंडोज नवीन मॉनिटर अनेकदा ६० हर्ट्झवरच सुरू करतं, आणि कित्येक जण महिनोन् महिने तसेच खेळत राहतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट १४४ किंवा जो असेल तो निवडा. यादीत मोठा आकडा दिसत नसेल तर केबल बदलून बघा, किंवा एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये रेझोल्युशनच्या यादीत खाली 'पीसी' गटातलं १९२० बाय १०८० निवडा, वरच्या एचडी गटात बऱ्याचदा फक्त ६० असतो. काही मॉनिटरच्या मेनूत वरचा वेग वेगळा चालू करावा लागतो. शेवटी गेम पूर्ण स्क्रीनवर ठेवून त्यातलाही रिफ्रेश रेट तपासा.

पुढे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला रंग लवकर बदलायला लावणारं सेटिंग. मेनूत ते रिस्पॉन्स टाइम, ओडी, फास्ट-फास्टेस्ट अशा नावांनी असतं. टेस्टयूएफओ चालू ठेवून एकेक पातळी बदला. कमी पातळीवर यूएफओच्या मागे गडद शेपटी दिसेल. सगळ्यात वरच्या पातळीवर उलटी, चमकणारी पांढुरकी कड दिसेल, कारण पिक्सेल घाईत रंगाच्या पुढे निघून जातो. ही पातळी बंद ठेवा, जरी खोक्यावरचं १ एमएस तिच्याच जोरावर छापलेलं असलं तरी. बहुतेक मॉनिटरवर मधली पातळी बरोबर निघते.

ब्लॅक इक्वलायझर किंवा शॅडो बूस्ट (अंधारे भाग उजळणारं सेटिंग) थोडंसंच वाढवा. फार वाढवलं की सगळा नकाशा राखाडी होतो आणि शत्रू उठून दिसण्याऐवजी बुडतो.

सिंकबद्दल माझा सल्ला असा: एफपीएस हर्ट्झच्या खाली झुलत असेल तर फ्रीसिंक चालू ठेवा आणि गेममध्ये मर्यादा हर्ट्झपेक्षा तीन-चारने कमी लावा, १४४ ला १४१. एफपीएस सतत दोनशेच्या वर असेल तर सगळं बंद करून मोकळं सोडा. व्ही-सिंक (फ्रेमला मॉनिटरच्या वेगासाठी थांबवणारं सेटिंग) एकटं कधीच चालू ठेवू नका, उशीर वाढतो. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर दोन्ही गेममधलं रिफ्लेक्स हे उशीर कमी करणारं सेटिंग चालू करा.

सेन्सिटिव्हिटीला पहिले आठ-दहा दिवस हात लावू नका. हालचाल एकदम मोकळी दिसू लागल्याने माऊस वेगवान झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात काहीही बदललेलं नसतं. आधी डोळे सरावू द्या.

परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते, तिच्या आतच दोष शोधून काढा. खोलीतले दिवे घालवून पडद्यावर पूर्ण काळं चित्र लावा. कोपऱ्यांतून थोडासा उजेड झिरपणं आयपीएसमध्ये चालतं, बसायची जागा हलवली की तो बदलतो. पण एकाच जागी पिवळट डाग ठाण मांडून असेल तर तो दोष समजा. डेड पिक्सेल कितीपर्यंत कंपनी ग्राह्य धरते हे वॉरंटीच्या कागदावर असतं, आणि एक-दोन पिक्सेलसाठी बऱ्याच कंपन्या नंतर हात वर करतात. मुदतीच्या आत असताना मात्र विक्रेत्याला बदलून द्यावा लागतो, म्हणून दोष दिसला की त्याच रात्री फोटो काढा, मागच्या सिरीयल नंबरचाही काढा, आणि तक्रार फोनवर न सांगता लेखी नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा.